पाकाची तार

सर कुठल्याही ओल्या पदार्थात आधी उजव्या हाताचा अंगठा बुडवायचे. मग तो पहिल्या बोटाला टेकवायचे, दोन्ही सावकाश दूर न्यायचे आणि मधे जी तार येईल तिच्याकडे चष्मा कपाळावर सरकवून बघत बसायचे. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंक्तीत बसल्या बसल्या श्रीखंडाची तार बघितली, मग शेजारच्या पाहुण्याच्या वाटीतल्या बासुंदीची. पाहुणा वरपक्षाचा होता. त्याला वाटलं, बासुंदीत काहीतरी पडलंय. त्याची वाटी परत गेली, तिच्यामागून आणखी काही वाट्या गेल्या, आणि मुलीच्या मामांना आचाऱ्याला घेऊन पंक्तीत यावं लागलं. सर शांतपणे सांगत होते, "बासुंदी उत्तम आहे हो. तिला तार नाही, एवढंच मी म्हटलं. तिला तार असायचं कारणच नाही."

सांगलीच्या ज्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते तिथं सर त्याच विषयाचे प्राध्यापक होते. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या काळी पदार्थविज्ञान म्हणजे एक तर अणू, नाहीतर अवकाश. सर मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेतून भांडून आले होते. भांडण दह्यावरून झालं होतं. एका चर्चेत त्यांनी विचारलं होतं, "तुमचं गणित ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते सांगतं. दुधाचं दही होताना काय होतं, ते सांगतं का?" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, हे तुमच्या गावाकडच्या डेअरीत विचारा. सर उठले ते थेट सांगलीला आले, असं ते सांगायचे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की मधली बरीच वर्षं बेकारीत गेली.

"घट्ट आणि पातळ ही दोन टोकं झाली," असं ते वर्गात पहिल्याच तासाला म्हणायचे. "पुस्तकं टोकांवर लिहिलेली आहेत. आपण मधे राहतो. लोणी, चिखल, डिंक, साबणाचा फेस, तुमच्या डोळ्यातलं चिपड. याचं शास्त्र कुणी लिहायचं?" मुलं हसायची. चिपडाला हमखास हसायची. सर थांबायचे, हसू संपू द्यायचे आणि फळ्यावर लिहायला लागायचे. ह्या विषयाला ते 'मऊ पदार्थ' म्हणायचे. पुढं जगात त्याला तसंच काहीसं नाव पडलं, पण तेव्हा ते ऐकून प्राध्यापकांच्या खोलीत चहा सांडायचा. "काय पाकशास्त्री, लाडू कधी?" असं त्यांना रोज कुणीतरी विचारायचंच.

त्यांची कल्पना मात्र खरोखर नवी होती, आणि ती मी लिहायलाच हवी. लाडू करणारी बाई पाक झाला का, हे कसं ओळखते? चिमटीत धरून. एकतारी पाक, दोनतारी पाक. पाण्याची अशी तार येत नाही, पाकाची येते, आणि भेंडीच्या पाण्याची तर तुटता तुटत नाही. गुऱ्हाळावर रसाची मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी घालतात, तेच हे. सरांचं म्हणणं असं, की तार बारीक होत होत तुटायला जो वेळ लागतो तो त्या पदार्थाचा स्वतःचा असतो. माणसाच्या आवाजासारखा. तो मोजता आला तर आत रेणूंच्या साखळ्या किती लांब आहेत आणि एकमेकींत किती गुंतल्या आहेत, हे बाहेरून कळेल. आज हे काम यंत्र करतं. तेव्हा जगात कुणाकडं असं यंत्र असलं तर आम्हाला तरी ते माहीत नव्हतं. आमच्याकडं होत्या दोन पितळी चकत्या, एक कप्पी, एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा प्रोजेक्टर आणि खेळाच्या सरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच. क्रीडास्पर्धा आल्या की पदार्थविज्ञान बंद.

दोन चकत्यांच्या मधे थेंब ठेवायचा, कप्पीनं वरची चकती झटकन उचलायची, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात त्या तारेची सावली समोरच्या चुनकळीच्या भिंतीवर पडायची. मनगटाएवढी जाड सावली बारीक होत होत केसाएवढी व्हायची आणि मग भिंत मोकळी दिसायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातून घड्याळ दाबायचं राहिलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "माझंही राहिलं होतं."

माझी तिथली जागा तात्पुरती होती. दर जूनला ती उगवायची आणि एप्रिलला मावळायची. प्राचार्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, संशोधनासाठी विद्यापीठात नाव नोंदवा आणि एक लेख छापायला गेलेला दाखवा. जूनच्या आत झालं तर जागा तुमची. नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे." तो उमेदवार संस्थेच्या एका संचालकांचा भाचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी मला त्यांच्या हाताखाली घ्यायचं कबूल केलं. लेखावर दोघांची नावं येतील, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझ्याकडं शब्द होता. तो लिहून घ्यायचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लेख अडला होता तो एकाच कारणानं. तीच भेंडी, तेच पाणी, तीच चकती, आणि तरी काही वेळा तार लवकर तुटायची. अगदी लवकर. दिवसभर सगळं बरोबर यायचं आणि मधेच एखादा थेंब खोटं बोलायचा. "तुटू दे की," असं म्हणून हे आकडे बाजूला ठेवणारा माणूस वेगळा. सरांना झोप लागायची नाही. मला याद्या करायची सवय आहे. तेव्हा सरांनी मला संशयितांची यादी लिहून घ्यायला लावली आणि आम्ही एकेकाच्या मागं लागलो. छताचा पंखा बंद केला. नदीचं पाणी सोडून विहिरीचं घेतलं, मग पावसाचं साठवलेलं. भेंडीवाल्या मावशींना एकाच वाफ्यातली भेंडी आणायला लावली. त्या म्हणाल्या, "आवं सर, भेंडीला काय जातगोत असतंय व्हय?" एसटी स्टँडकडून येणाऱ्या गाड्यांचा हादरा नको म्हणून टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबा घातल्या. तार तुटतच राहिली.

शेवटी सरांनी कोयनेवर संशय घेतला. तिकडं अधूनमधून जमीन हलायची. त्याचा बारीक धक्का सांगलीपर्यंत येत असणार आणि त्यानं तार तुटत असणार. "बाई, तुम्ही कोयनानगरला जा. धक्क्यांच्या वेळा उतरवून आणा."

गेले. कऱ्हाडला गाडी बदलली, पाटणच्या पुढं घाट लागला तेव्हा खिडकीची सळई धरून बसले आणि डबा उघडलाच नाही. धरणाच्या वसाहतीतल्या कचेरीत एक वयस्कर लेखनिक होता.

"धक्क्यांचं टिपण कशापायी पायजे?"

"प्रयोगात तार तुटते आहे."

"विजंची?"

"भेंडीच्या पाण्याची."

त्यानं टाक खाली ठेवला. "बाई, हितं मानसं गेल्यात. माझ्या थोरल्या भनीचं घर सगळं बसलं. आनि तुमी भेंडीचं इचारताय." मग त्यानं स्वतःच कागद ओढला, मला हव्या त्या वेळा सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या आणि चहा मागवला. "तुमच्या सायबास्नी सांगा," तो म्हणाला, "जमीन हलली तर भेंडी बघत बसू नगा. भाईर पळा."

वेळा जुळल्या नाहीत. एकही नाही. सर कागद बघून म्हणाले, "मग धक्के फार बारीक असतील. त्यांच्या यंत्राला लागत नसतील." संशयितांच्या त्या यादीत पंखा होता, पाणी होतं, भेंडी होती, एसटी होती, आख्खा सह्याद्री होता. सर नव्हते.

सर तंबाखू खायचे. डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, नखानं डबीतला चुना तिच्यावर लावायचा आणि उजव्या अंगठ्यानं मळत राहायचं. मळता मळता ते सगळ्यात चांगलं बोलायचे. साताऱ्याकडचा शेतकरी माणूस, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. हा मळण्याचा हात घरातच आला होता. आणि प्रत्येक नमुना चकतीवर ठेवायच्या आधी ते त्याच अंगठ्यानं त्याची तार बघायचे. "आधी हाताला कळतं, मग घड्याळाला," हे त्यांचं वाक्य. विद्यार्थी त्याची नक्कल करायचे.

एकदा कप्पीच्या वजनाखाली त्यांचा तोच अंगठा सापडला. नख काळं झालं, डॉक्टरांनी पट्टी बांधली. तंबाखू मळून द्यायचं काम ज्ञानू शिपायाकडं आलं आणि नमुन्याची तार बघायचं माझ्याकडं. मी ती बघायची सोडून दिली. मला चिमटीतलं काही कळत नव्हतं. थेंब नळीतून सरळ चकतीवर सोडायला लागले. पट्टी होती तोवर एकही तार लवकर तुटली नाही. सर खूश होते. म्हणाले, "कोयना शांत झालेली दिसते."

पट्टी निघाली. पहिल्याच सकाळी त्यांनी डबी काढली, तंबाखू तोंडात टाकली, हात झटकला आणि भेंडीच्या पाण्यात अंगठा बुडवला. मी शेजारीच उभी होते. नव्या येणाऱ्या नखाच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ होती. पाण्यातून अंगठा वर आला तेव्हा ती रेघ नव्हती.

तार तुटली. सरांनी घड्याळाकडं बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं, जसं काही कोयना तिथून दिसणार होती.

मी म्हटलं, "सर, नमुन्याला हात लावू नये."

एवढंच वाक्य. ज्ञानू तिथं प्रोजेक्टरची काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

सर म्हणाले, "काय म्हणालात?"

"तुमच्या हाताला चुना असतो. चुन्यानं भेंडीच्या पाण्यातल्या साखळ्या आक्रसत असणार. आज हात न लावता एक आणि हात लावून एक, असे दोन थेंब बघू या. लगेच कळेल."

शांतपणे बोलत तेव्हा सरांची मराठी पुस्तकी असायची. रागावले की ती साताऱ्याकडची व्हायची.

"वाईला मास्तरांच्या घरी शिकवणीला जायचो," ते म्हणाले. "उन्हाचं चालत. ओसरीवर हंडा असायचा. हात लावायचा न्हाई. वाकून ओंजळ धरायची, मास्तरांची बायको लांबनं पाणी ओतायची. निम्मं सदऱ्यावर. शाळेत पयला नंबर माझा, आन हंड्याला हात न्हाई. मुंबईत साहेबलोकांनी बी तेच केलं, फक्त हंडा न्हवता. आता तुमी."

माझं आडनाव कुठल्या घरचं आहे, हे सांगायची गरज नव्हती.

"सर, मी चुन्याबद्दल बोलते आहे."

"मी बी चुन्याबद्दलच बोलतोय. तुमच्याकडं सोवळं असेल बाई. माझ्या प्रयोगशाळेत न्हाई."

मी मास्तरांच्या बायकोच्या वतीनं काय उत्तर देणार होते? त्यांच्या हंड्याचं जे झालं ते वाईट झालं, आणि ते खरं होतं. पण टेबलावर हंडा नव्हता. टेबलावर एक थेंब होता, आणि त्याला जात कळत नव्हती, चुना कळत होता. ज्या माणसानं घाटातून मला कोयनेला पाठवलं, त्यानं हात धुऊन एक थेंब ठेवायला नकार दिला. त्या दिवशी दोन थेंब ठेवले असते तर जूनपर्यंत लेख गेला असता. मी अजूनही तेच वाक्य म्हणेन.

त्यानंतर सर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले, आणि मग कामही उरलं नाही. प्रयोगशाळेची किल्ली ज्ञानूकडून स्वतःकडं घेतली. परीक्षेच्या गडबडीत मला पर्यवेक्षणाला टाकलं. जून आला. लेख नव्हता. संचालकांचे भाचे रुजू झाले. मनुष्य सज्जन होता. पहिल्या आठवड्यात मी माझे कागद न्यायला गेले तेव्हा त्याला प्रोजेक्टरचं तोंड कुठं आहे ते मीच दाखवलं, कारण त्याला ते सापडत नव्हतं.

मी तासगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सकाळच्या एसटीत निम्मी माणसं द्राक्षांची असायची. बेदाण्याच्या दिवसांत खिडकीतून शेडवर पसरलेला माल दिसायचा. द्राक्षं सुकवायच्या आधी एका मिश्रणात बुडवतात, त्या मिश्रणाची तार कशी असेल, असं माझ्या मनात यायचं आणि मी खिडकी लावून घ्यायचे.

लेख निघाला तो मी गेल्यावर. इंग्रजीत, फार कुणी न वाचणाऱ्या एका नियतकालिकात. सरांचं एकट्याचं नाव. ज्ञानूनं मला त्याची प्रत शाळेत आणून दिली, गुंडाळी करून, छत्रीत घालून. लेख उत्तम होता, ते मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते. एकही तार खोटी तुटली नव्हती. पद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: नमुन्याला हाताचा स्पर्श होता कामा नये, चुन्याचा अंशही निकाल बिघडवतो. शेवटी आभार होते. ज्ञानूचे होते. भेंडीवाल्या मावशींचे होते. एकतारी पाक पहिल्यांदा दाखवल्याबद्दल पत्नीचे होते. आणि धक्क्यांच्या वेळा तत्परतेनं उतरवून दिल्याबद्दल कोयनानगरच्या लेखनिकाचे होते. त्या लेखनिकाला सरांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

मी शनिवारची शाळा सुटल्यावर तशीच सांगलीला गेले. सर घरी होते. वहिनींनी दार उघडलं, माझ्या हातातली गुंडाळी बघितली आणि आत निघून गेल्या.

"सर, तुम्ही करून बघितलंत."

"बघितलं."

"कधी?"

"तुम्ही म्हणालात त्याच दिवशी संध्याकाळी." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं बघितलं, तारेकडं बघायचे तसं. "तुम्ही म्हणालात ते खरं होतं, बाई. पण ते तुम्ही म्हणायला नको होतं."

त्याच दिवशी संध्याकाळी. म्हणजे जून यायला अजून सबंध उन्हाळा बाकी होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी घेतला नाही. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तंबाखू सुटली बघा ह्यांची. डॉक्टर सांगून दमला होता, मी सांगून दमले होते. तुमच्या एका बोलण्यानं सुटली. देव तुमचं भलं करो." त्या मनापासून बोलत होत्या. मी हो म्हटलं आणि स्टँडकडं चालायला लागले.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा एक विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिकडं तार तुटण्याचा वेळ मोजणारी यंत्रं निघाल्यावर त्याला आपल्या सरांची भिंत आठवली. त्यानं तो जुना लेख शोधून काढला, चार लोकांना दाखवला, आणि सर आद्य संशोधक ठरले. ते होतेच. कॉलेजनं प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं, समिती नेमली, मला बोलावणं आलं. मी गेले.

चुनकळीची भिंत आता तेलरंगाची आहे. तिच्यावर सरांचा मोठा फोटो आणि खाली संगमरवराची पाटी. समितीनं लेखातलं एक वाक्य निवडून त्याचं मराठी करून घेतलं आहे. माझ्या मराठीचं सरांनी इंग्रजी केलं होतं, समितीनं त्या इंग्रजीचं पुन्हा मराठी केलं, आणि ते जवळजवळ माझंच निघालं. 'नमुन्यास हात लावू नये.' खाली सरांचं नाव.

अध्यक्षांनी भाषणात त्या वाक्यावर बराच वेळ घेतला. सरांची शिस्त, सरांचं अलिप्तपण. ज्या माणसाला वरपक्षाच्या बासुंदीपासून अंगठा लांब ठेवता आला नाही, त्याच्याबद्दल हे चाललं होतं. आणि ज्या माणसाला हात लावू नको हे शब्द आयुष्यभर डाचले, त्याच्या नावावर तेच दगडात कोरलं होतं.

ज्ञानू आला होता. निवृत्त झालाय, गुडघे गेलेत. पाटीसमोर उभा राहून त्यानं एकेक अक्षर लावत ती वाचली आणि माझ्याकडं वळला.

"बाई, ह्ये तर तुमी म्हनला हुता. मी हितंच हुतो, काच पुशीत."

"हो."

"मग हितं सरांचं नाव कसं?"

त्यानं आजूबाजूला बघितलं, सगळे फोटोसाठी उभे राहत होते. "आता कुनाला सांगायचं म्हना," तो म्हणाला आणि खुर्ची शोधायला गेला.

परत निघताना समितीच्या चिटणिसांनी मला गाठलं. "बाई, स्मरणिकेसाठी सरांची एक आठवण द्या. हलकीफुलकी चालेल. ते लग्नातल्या श्रीखंडाचं वगैरे."

दिली आहे. समितीला एकच विनंती: जागा कमी पडली तर श्रीखंडाचं काढावं. चुन्याच्या रेघेचं काढू नये.